येऊरची हरणं, टेक्सासचा भाचा : एका माहितीपत्रकाच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी

कामाला सुरुवात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री येऊरच्या (संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू) पाणवठ्यांवर मचाणात बसून प्राणी मोजायला जे नवखे येतात, त्यांच्यासाठी दोन पानी माहितीपत्रक करायचं. विषय फक्त हरणं: चितळ, सांबर, भेकर आणि नशीब जोरावर असेल तर पिसोरी, म्हणजे हरणासारखं दिसणारं इवलंसं मूषकहरीण. बिबट्याबद्दल लोकांना काही शिकवावं लागत नाही, तो न दिसताही घरी गेल्यावर गोष्ट रंगते. हरणांबद्दल मात्र "ती काय, दिसतातच" असा समज. राष्ट्रीय उद्यान सगळं मिळून १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास, भोवती मुंबई आणि ठाण्याचा वेढा. एवढ्याशा जंगलात हरीण कुठे जाणार, असं वाटतं. रात्रभर बसून साधी शेपटीही न दिसलेली माणसं मला माहीत आहेत.

गेल्या वर्षीच्या मंडळींकडून प्रश्न मागवले होते. बरेचसे एकाच वळणाचे निघाले: हरीण जवळ यावं म्हणून काय करायचं? मीठ ठेवलं तर? मोबाइलवर हरणाचा आवाज लावला तर?

१२ फेब्रुवारी

वन्यप्राण्याच्या अगदी जवळ, त्याला कळू न देता बसायचं कसं, हे सगळ्यात बारकाईने कोण शिकतं? धनुष्यबाणाने शिकार करणारा. बंदूकवाल्याला शे-दोनशे मीटरवरून चालतं, बाणवाल्याला वीस मीटरच्या आत जावं लागतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीचा प्रश्न मिटवला आहे आणि तो मिटलेलाच बरा. पण अमेरिकेत परवाना काढून हे चालतं, आणि माझा भाचा टेक्सासात तेच शिकतोय. ताई त्याच्या फ्रीझरकडे अजून बघत नाही.

गंमत म्हणजे तो शिकतोय तो चितळावर. १९३० च्या दशकात टेक्सासात आपली चितळं नेऊन सोडली, ती तिथल्या टेकड्यांच्या भागात इतकी वाढली की आज मोकळ्या रानात कळप फिरतात. परदेशी प्राणी म्हणून त्यांना तिथे शिकारीचा बंद हंगाम नाही. परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की झालं. म्हणजे येऊरच्या चितळाबद्दल ज्याला विचारायचं तो माणूस घरचाच.

रात्री फोन केला. म्हणाला, "मामा, तू मला बोलवायचं कसं ते विचारतोयस. मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं की बोलवू नकोस, ते कुठे जाणार आहे ते ओळख आणि आधी जाऊन बस."

पत्रकाचं सूत्र हेच ठेवावं असं वाटतं. बाईंना (आमच्या गटातल्या निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका) विचारतो.

१६ फेब्रुवारी

बाईंचं म्हणणं, सूत्र ठीक, पण आधी कायदा लिहा. त्यांनी अधिनियमातली शिकारीची व्याख्या काढून दाखवली. नुसतं मारणं म्हणजे शिकार नव्हे. पकडणं, फासे लावणं, हाकणं आणि आमिष दाखवणं हेही तिच्यात धरलं आहे, शिवाय यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न. म्हणजे फोटोसाठी मिठाची ढेप ठेवणारा हौशी माणूस कायद्याच्या भाषेत शिकारीच्या जवळपास जाऊन उभा राहतो. हे पहिल्या पानावर, ठळक.

टेक्सासात खासगी जमिनीवर मका टाकणं कायदेशीर आहे, वेळ लावून मका उधळणारी यंत्रं तिथे दुकानात मिळतात. भाच्याचा अनुभव असा की मक्यावर आधी रानडुकरं येतात, आणि चितळाचा मोठा नर कडेच्या झाडीत उभा राहून सगळं बघतो आणि अंधार पडल्यावर येतो. दुसरी भानगड रोगाची. हरणांना होणारा एक मेंदूचा आजार १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला. लाळेतून, मूत्रातून पसरतो, मातीत टिकून राहतो, उपाय नाही. एका जागी खाणं टाकलं की सगळ्यांची तोंडं तिथेच लागतात. म्हणून तिकडच्या अनेक राज्यांनी काही भागांत आमिषावर बंदी घातली, आणि काहींनी हरणाच्या मूत्राच्या बाटल्यांवरही. हो, तशा बाटल्या विकतात.

२३ फेब्रुवारी

वनखात्याची परवानगी मिळाली. वनरक्षकासोबत सकाळी आत. एकट्यादुकट्याने जायचं नाही हे पत्रकात वेगळं लिहायला हवं. पहाटे आणि तिन्हीसांजेला वाकून, गुपचूप बसलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटेलच असं नाही.

आज फक्त खुणा. नाल्याच्या ओल्या मातीत ठसे चांगले उठले होते.

चितळाचा खूर साधारण पाच सेंटिमीटर, पुढे टोकदार, दोन्ही पाकळ्या जवळजवळ. सांबराचा सात-आठपर्यंत, भरीव. भेकराचा तीन-चार, नाजूक. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. पाड्यावरच्या शेळ्यांचा ठसा भेकर-चितळाच्या मापाचाच, पण टोकाला बोथट आणि पाकळ्या फाकलेल्या. रानडुकराच्या मागे दोन छोटी नखं बाहेरच्या बाजूला उमटतात, हरणाची घट्ट जमिनीवर दिसत नाहीत. चिखलात किंवा पळताना मात्र हरणाचीही उमटतात, तेव्हा नुसत्या नखांवरून निकाल देऊ नये.

वनरक्षकाने एक ठसा बोटाने दाखवला आणि त्याच्या कडेला हात लावायला सांगितलं. कड अजून धारदार, आतल्या चिखलावर पाण्याची चमक, एक वाळकं पान खुराखाली अर्धं दाबलेलं. शेजारचा ठसा कालचा: कड ढासळलेली, आत मुंगळ्याने ओढून आणलेली माती. दोघांमध्ये हातभराचं अंतर, म्हणजे वाट रोजची.

भाच्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर, "ठसा बघून खूश होऊ नको, वाट कुठून कुठे जाते ते बघ." त्याच्या शिकवणीतला पहिला धडा: हरणाचं घर, हरणाचं ताट आणि मधला रस्ता. दिवसा बसण्याची दाट जागा आणि संध्याकाळी चरण्याची जागा, या दोन्हींवर माणसाने पाऊल टाकायचं नाही. मधल्या वाटेवर, बाजूला बसायचं. बसण्याच्या जागेतून एकदा उठवलं की ते जागाच बदलतं.

२ मार्च

काटेसावरीखाली बसलो. खाली लाल फुलांचा सडा आणि त्यात जागोजाग मोकळी वर्तुळं, कुणीतरी वेचून खाल्ल्यासारखी. चितळ आणि भेकर दोघांनाही ही मांसल फुलं आवडतात. वर वानरांची टोळी होती. ती खाते थोडं आणि सांडते फार, त्यामुळे वानरांच्या खाली चितळ हे जोडपं जंगलात नेहमीचं. शिवाय वरून बिबट्या आधी वानराला दिसतो, खालून वास आधी चितळाला येतो; दोघं एकमेकांच्या हाकेवर चालतात.

नवख्याला हे सांगायचं: हरीण शोधू नका, आधी वानरांचा आवाज शोधा. आणि वानर "खॅक खॅक" करायला लागलं तर ते तुमच्यामुळे की दुसऱ्या कुणामुळे, हे वनरक्षकाला विचारा, स्वतः ठरवू नका.

टेक्सासात हेच काम ओकच्या फळांचं. कुठलं झाड या आठवड्यात फळ टाकतंय हे ज्याला माहीत, त्याला मका लागत नाही. आपल्याकडे क्रम लावायचा झाला तर: थंडीत आवळा आणि बेहडा, मग सावर आणि पळस, मार्च-एप्रिलात मोह, आणि उंबर वर्षात कधीही, झाडागणिक वेगळं. बाई म्हणाल्या, "हे कोष्टक करा. 'आकर्षित कसे करावे' या मथळ्याखाली झाडांचीच यादी येऊ दे." पटलं. सगळ्यात मोठं आकर्षण तर मे महिन्यात आटत चाललेलं पाणीच, म्हणून तर बुद्धपौर्णिमा निवडली जाते. चंद्राचा उजेड ही जोडसोय.

९ मार्च

ताईचा फोन. पोराला नादाला लावू नकोस म्हणाली. नाद त्याचा आहे, मी फक्त लिहून घेतोय.

१६ मार्च

वाऱ्याचा दिवस. यावर जास्त लिहिणार आहे, कारण भाच्याच्या मते बाकी सगळं शिकायला एक महिना पुरतो आणि वारा शिकायला आयुष्य.

हरणाच्या डोळ्याला फसवता येतं, कानाला थोडंफार. नाकाला नाही. वास मारणारे फवारे, खास साबण, कोळशाचे अस्तर लावलेले कपडे तिकडे मिळतात. भाच्याने सगळं वापरून पाहिलं. आता तो एवढंच करतो की वारा उलटा असेल तर त्या दिवशी त्या जागी जात नाही.

वारा बघायला तिथले जुने शिकारी खिशात रुईच्या जातीच्या एका झुडपाची म्हातारी ठेवतात. पावडरची बाटली दाबली तर हातभर अंतरापर्यंतच कळतं; म्हातारी सोडली की ती पन्नास पावलं तरंगत जाते आणि वारा पुढे कुठे वळतो तेही दाखवते. रुई आपल्याकडे रस्त्याच्या कडेला. उपवन तलावाकडून वर येताना एक तडकलेलं बोंड मिळालं. चीक डोळ्यात जाऊ न देता, बी खुडून टाकून, नुसता पिसारा डबीत भरला.

उन्हं वर येण्याआधी नाल्याकाठी एक सोडली. ती सरळ उताराने खाली, ठाण्याच्या दिशेला, गुडघ्याच्या उंचीवरून निघाली, जणू कुणी दोरीने ओढतंय. रात्री थंड झालेली जड हवा पाण्यासारखी नाल्यातून वाहते. येऊरचा हा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन लवकर लागतं. उन्हं अंगावर आल्यावर दुसरी सोडली: जागच्या जागी घुटमळली, एक गिरकी घेतली आणि वर चढायला लागली. दुपारी खाडी-समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुरू झाला, पण आम्ही डोंगराच्या आडोशाला, त्यामुळे म्हातारी आधी एका दिशेला गेली, मग झाडोऱ्यात भोवरा घेऊन परत आमच्याच तोंडावर. अशा जागी बसणं फुकट. वास सगळीकडे जातो.

संध्याकाळचं गणित महत्त्वाचं. सूर्य डोंगराआड गेला की समुद्राचा वारा पडतो आणि हवा पुन्हा खाली सरकू लागते. पाणवठा असतो नाल्याच्या तळाशी, मचाण असतं जरा वर. म्हणजे नेमक्या चितळं पाण्यावर यायच्या वेळेला आपला वास उतारावरून पाण्याकडे जाऊन बसतो. मचाणाची जागा वनखातं ठरवतं, ती हलवता येत नाही. हातात उरतं ते इतकंच: वास कमी करणं, आणि अंधार पडल्यावर खाली न उतरणं. डासांसाठी मलम लागणारच, ठाण्यात त्याला इलाज नाही. पण अत्तर, डिओ, सिगारेट आणि कागदात बांधलेला वडापाव, हे चार जिन्नस घरी.

२३ मार्च

कपड्यांवरून वाद. गटातल्या एकाने लष्करी छापाचा महागडा शर्ट आणला, खाली निळी जीन्स.

हरणाला लाल आणि नारिंगी नीट दिसत नाही, निळा मात्र आपल्यापेक्षा ठळक दिसतो. म्हणून अमेरिकेतले शिकारी एकमेकांच्या गोळ्या चुकवायला भडक नारिंगी जाकीट घालतात आणि हरणाला त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे उलटं: लाल टोपीला लोक हरकत घेतात आणि निळ्या जीन्सला कुणी काही म्हणत नाही. कपडे उजळवणाऱ्या पावडरींत जे चमक आणणारं द्रव्य असतं तेही त्यांच्या डोळ्याला झळकतं. तेव्हा जुनी, विटकी, साध्या साबणाने धुतलेली खाकी किंवा मातकट पँट सगळ्यात चांगली. पत्रकात छापाच्या शर्टाचा उल्लेखच नको, नाहीतर लोक खरेदीला जातील.

हालचाल मात्र त्यांना लगेच टिपता येते. पाठ झाडाच्या बुंध्याला टेकलेली हवी, म्हणजे आकार तुटतो.

६ एप्रिल

मचाणात थरथरणाऱ्या हाताबद्दल भाच्याशी तासभर. धनुष्य ओढणं हीच हालचाल सगळ्यात धोक्याची, म्हणून ती तो हरणाचं डोकं झाडाआड असताना करतो. डोकं खाली असेल तरी घाई नाही; तिथलं मूळचं पांढऱ्या शेपटीचं हरीण मान वर करण्याआधी शेपटी हलवतं, असं तिथले सांगतात. चितळ तर एकटं नसतंच. एकाचं डोकं खाली गेलं की दुसऱ्याचं वर. "मामा, एक चितळ बघू नकोस, सगळ्यात म्हातारी मादी बघ. ती पाय आपटायला लागली की संपलं."

मग दोरीची गोष्ट. धनुष्याची दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या आधी पोहोचतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, चांगल्या धनुष्याचा बाण ८५ च्या आसपास. वीस मीटरवर आवाज ०.०६ सेकंदात, बाण ०.२४ सेकंदात. मधल्या ०.१८ सेकंदात हरीण पळून जायला म्हणून पाय दुमडतं, अंग खाली जातं आणि बाण पाठीवरून निघून जातो. तीस मीटरवर हीच सवलत पाव सेकंदाच्या वर जाते. चितळ यात पांढऱ्या शेपटीच्या हरणापेक्षाही चपळ, असं तिकडच्या शिकाऱ्यांचं मत. म्हणून नवख्याला सांगतात: वीस मीटरच्या पलीकडे सोडू नकोस, हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असेल तरच सोड, समोरासमोर कधीच नाही. जखमी होऊन निघून गेलेलं हरीण हा शिकाऱ्याचा सगळ्यात मोठा दोष धरला जातो. आणि मचाणात पट्ट्याशिवाय चढायचं नाही, तिकडे शिकारीच्या हंगामात झाडावरून पडून माणसं जायबंदी होतात.

यातलं बाणाचं गणित आपल्याला कामाचं नाही असं गटात मत पडलं. माझं मत वेगळं. कॅमेऱ्याच्या शटरची खटकीही तशीच पोहोचते, आणि प्रकाश काही बाणासारखा उशिरा येत नसला तरी दुसरा फोटो मिळत नाही. म्हणून "शटर मूक ठेवा" या सूचनेखाली एक ओळ कारण म्हणून टाकतोय. पट्ट्याची सूचना जशीच्या तशी घेतली.

१३ एप्रिल

आवाज लावण्याचा विषय एकदाचा संपवला. तिकडे नराच्या गुरगुराटाची नळी, शिंगं एकमेकांवर आपटणं हे प्रकार चालतात, पण कधी? पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माज उत्तरेकडे नोव्हेंबरात असतो, तेव्हाचे दोन-तीन आठवडे. एरवी तोच आवाज ऐकून हरीण उलट्या दिशेला जातं. चितळाचा माज असा एका महिन्यात बांधलेला नसतो. वर्षभर कुणी ना कुणी नर शिंगं घासत असतो. उन्हाळ्यात ओरडणं जास्त ऐकू येतं. अशा वेळी मोबाइलवरचा नर ऐकून खरा नर आपली ताकद वाया घालवणार, तीही पाणी कमी असताना. पत्रकात: आवाज लावू नये. बस.

ओळखायचे आवाज मात्र दिले. चितळाची तीक्ष्ण शिट्टीसारखी हाक, सांबराचं "ढाँक", भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं. येऊरला शेवटच्याने फार फसगत होते, कारण पाड्यांवर खरी कुत्री आहेत. भेकर एकाच लयीत, थांबून थांबून, बराच वेळ भुंकतं. कुत्र्याला इतका धीर नसतो.

२७ एप्रिल

वेळेचं कलम वनरक्षकाच्या सांगण्यावरून बदललं. स्वयंसेवक सूर्य मावळताना मचाणावर चढतात आणि चितळ तोवर पाणी पिऊन गेलेलं असतं. चितळ दिवसा फिरणारं, पाण्यावर बऱ्याचदा सकाळी आणि दुपार कलल्यावर. सांबर मात्र रात्रीचं. भेकर एकटं येतं, पटकन पितं, निघतं. तेव्हा "चार वाजण्याच्या आत आपल्या जागी" हे लाल शाईत. चढताना जो गोंधळ होतो तो विसरला जायला तासभर तरी द्यावा लागतो.

प्राण्यांची खरी मोजदाद आता ट्रॅप कॅमेऱ्यांनी (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या) होते. मचाणावरची रात्र मुख्यतः माणसांना जंगल कळावं म्हणून. हे लिहायचं की नाही यावर बाई आणि मी अजून भांडतोय. लिहिलं तर लोक नोंदी आळसाने करतील, असं त्यांचं म्हणणं. न लिहिलं तर एकच चितळ तीनदा मोजून आनंदाने घरी जातील, असं माझं.

४ मे

मजकूर संपला. बाईंची सरशी झाली, कॅमेऱ्याचं वाक्य गेलं. त्याऐवजी नोंदीच्या तक्त्यात "नर / मादी / पिल्लू / शिंगांची स्थिती" असे रकाने आले, म्हणजे तोच प्राणी पुन्हा आला तर निदान शंका येईल. मखमली कातडी असलेली शिंगं, घासून टणक झालेली, की नुकतीच गळालेली, एवढं चंद्राच्या उजेडातही दुर्बिणीतून कळतं.

पिसोरी ठेवली. ती पाणवठ्यावर दिसण्याची शक्यता नगण्य, पण तीन-चार किलोचं खूर असलेलं जनावर आपल्या घराच्या मागच्या डोंगरात आहे हे ठाण्यातल्या माणसाला माहीत असावं. तिचा ठसा जेमतेम दोन सेंटिमीटर.

सगळे ठसे खऱ्या मापात छापायचे, कडेला सेंटिमीटरची पट्टी. छपाईवाल्याला फाइल पाठवताना वर लिहिलंय: पानात बसवण्यासाठी लहान-मोठं करू नये. कागद जाड, पण चकचकीत नको, बॅटरीच्या उजेडात झळकतो. उद्या नमुना प्रत येईल. पट्टीवर खरी मोजपट्टी ठेवून बघायची, मगच दोनशे प्रती सोडायच्या.